घरच्या बँकेची शेवटची सूचना

शहरातल्या निदान चारशे घरांना तिची भीती वाटायची, आणि त्यातल्या एकालाही ती दिसते कशी हे ठाऊक नव्हतं. दिसायची ती साधीच. ठेंगणी, गोल चेहऱ्याची, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, आणि एकदा हसायला लागली की थांबवता थांबत नसे. पण ती होती हप्त्यांच्या कंपनीत टायपिस्ट, आणि तिचं टेबल होतं वसुली खात्यात. "वारंवार सूचना देऊनही आपण थकीत रक्कम भरलेली नाही" हे वाक्य तिने एकोणीस वर्षांत किती वेळा टाइप केलं असेल याची गणती नाही. डोळे मिटले तरी तिची बोटं ते बरोबर बडवत.

कंपनी पंखे, कपाटं, शिलाई मशीन, मोटारसायकली अशा वस्तू हप्त्यांवर द्यायची. पुढच्या दालनात गुळगुळीत दाढी केलेला विक्रेता गोड बोलून सही घ्यायचा आणि मागच्या खोलीत हिचं मशीन खडखडत असायचं. पुढच्या दाराने हसत आलेला माणूस दहा-बारा महिन्यांनी मागच्या खोलीत कागदावर यायचा. आधी सभ्य सूचना, मग कडक सूचना, मग शेवटची. प्रत्येक सूचनेचा खर्च खातेदाराच्याच माथी. एक साधा पंखा वाढत वाढत दोन पंख्यांच्या किमतीला कसा जातो, हे शाळेत कुणी शिकवत नाही. तिला ते टाइप करून करून पाठ झालं होतं.

नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी एका कागदावर तिला आपल्याच गल्लीतला पत्ता दिसला. कोपऱ्यावरचा सुतार. त्याच्या बायकोने लहानपणी तिच्या वेण्या घातल्या होत्या. तिने सूचना टाइप केली, कारण पगार त्याचाच मिळत होता. चार दिवसांनी संध्याकाळी घरी येताना पाहिलं तर सुताराचं दार आतून लावलेलं, आणि आत माणसं हळू आवाजात बोलत होती. एरवी ते दार सताड उघडं असायचं, येणाऱ्या-जाणाऱ्याला आतून हाक यायची. तिला तिथून जाववेना. वळसा घालून ती दुसऱ्या टोकाने घरी गेली, आणि आपलं दार असं कधी लागू द्यायचं नाही, हे तिने त्या दिवशी मनाशी पक्कं केलं.

ठरवणं सोपं असतं. पुढे लग्न झालं ते लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीशी, आणि हा गडी दुकानाच्या काचेसमोरून सरळ जाईल तर शपथ. उंच, हडकुळा, कायम बोटांना ग्रीस, आणि जी वस्तू दिसेल तिच्यावर जीव जडवणारा. वाईट सवय एकही नाही. हौस मात्र दहा माणसांची. लग्नाला तीन महिने झाले नाहीत तोच एका संध्याकाळी तो घरी आला आणि बायकोच्याच कंपनीच्या काचेतल्या मोटारसायकलीचं असं वर्णन करू लागला की ऐकणाऱ्याला वाटावं, दुसरी बायकोच आणायची म्हणतोय.

तिने शांतपणे विचारलं, "किती महिन्यांचे हप्ते आहेत?"

"अठरा."

"मग अठरा महिने मला भरा. तोच हप्ता, तीच तारीख. अठरा महिन्यांनी रोख पैसे मोजून गाडी आणू, तीही त्यांच्यापेक्षा स्वस्त. आणि मला भरता आले नाहीत, तर त्यांनाही भरता आले नसते, एवढं तरी फुकटात कळेल."

मिस्त्रीला वाटलं, थट्टा चाललीय. पण दुसऱ्या दिवशी तिने पुठ्ठ्याचं कार्ड करून आणलं. अठरा चौकोन, वर "घरची बँक", खाली खातेदाराच्या सहीची जागा. सात तारखेला पगार झाला की हप्ता तिच्या हातात द्यायचा, तिने पावती द्यायची, आणि शनिवारी ती रक्कम खऱ्या बँकेत त्यांच्या बचत खात्यात टाकून यायची. मिस्त्रीने हसत हसत सही केली. पहिले तीन हप्ते ऐटीत भरले, चौथ्याला जरा कुरकुर केली. पाचव्या महिन्यात एकदा भाजी चिरता चिरता म्हणाला, मला ती गाडी आता एवढी काही नको वाटत, तिचा आवाजच भसाडा आहे. जमलेल्या पैशांतून सासऱ्यांना नवी कवळी आली. सासरे पुढे कितीतरी दिवस भेटेल त्याला म्हणत, ही माझी मोटारसायकल, आणि तोंड उघडून दाखवत.

तेव्हापासून घरची बँक सुरू झाली ती सुरूच राहिली. कपाट आलं, शीतकपाट आलं, लेकीची सायकल आली, सगळं आधी हप्ते भरून मग रोखीने. जेवढं आलं तेवढंच न आलेलंही होतं. कॅमेरा तिसऱ्या हप्त्याला बारगळला. तबकडी वाजवायचं यंत्र आठव्याला. मिस्त्रीच्या मते बँकेचा खरा फायदा त्यातच होता, कारण नको असलेल्या वस्तूंनी घर भरलं असतं तर तो स्वतः कुठे मावला असता. कंपनीने मोडीत काढलेला एक टाइपरायटरही तिने असाच सहा हप्त्यांनी घरी आणला, आणि मग बँकेचा कारभार फारच कडक झाला.

कारण हप्ता चुकला की सूचना निघायची, आणि ती अगदी अस्सल. एकोणीस वर्षांचा हात होता तो. "महोदय" पासून "कारवाई" पर्यंत एक शब्द इकडचा तिकडे नाही. कागदही अस्सल. दोन वर्षांपूर्वी कंपनीने जागा बदलली तेव्हा जुन्या पत्त्याचे छापील कागद उरले होते. साहेब म्हणाले, मुलांना गणितं करायला घेऊन जा. हिने दोन गठ्ठे आणले. पहिल्या पानावर मजकूर असा, की वाचताना मिस्त्रीला मागच्या महिन्याचंही देणं असल्यासारखं वाटे. दंड दुसऱ्या पानावर. पैशांत दंड घेण्यात अर्थ नव्हता, एका खिशातून दुसऱ्या खिशात. म्हणून दंड असायचा भांड्यांचा, झाडलोटीचा. सूचना घेऊन येण्याचं काम लेकीकडे. पंधरा वर्षांची झाली होती, पण बँकेचा शिपाई होऊन बापासमोर उभी राहिली की चेहऱ्यावर एक रेघ हलू द्यायची नाही. मिस्त्री ती सूचना नाश्त्याच्या वेळी उभा राहून मोठ्याने वाचायचा, आवाज कापरा करून. तिघं हसून लोळत. नणंद एकदा हे सगळं बघून म्हणाली, तुमचं घर म्हणजे वेड्यांचं इस्पितळ आहे. तिच्या घरी तेव्हा दोन कपाटांचे आणि एका पलंगाचे हप्ते चालू होते, आणि हे ती हळू आवाजात सांगत होती.

असं सतरा वर्षं चाललं. पण आता मिस्त्रीला एक गोष्ट मनापासून हवी होती, आणि हप्ते भरता भरता तिची ओढ कमी व्हायच्या ऐवजी वाढतच चालली होती.

त्याचे गुडघे गेले होते. लिफ्टखालच्या खड्ड्यात उकिडवं बसून काम करायचं, मग गच्चीवरच्या मशीन-खोलीपर्यंत लोखंडी शिडी चढायची, आणि बंद पडलेली लिफ्ट दुरुस्त करायला जाताना जिने अर्थातच पायीच चढायचे. एवढ्या वर्षांत शहरातले सगळे जिने त्याच्या गुडघ्यांतून जाऊन आले होते. आताशा संध्याकाळी तो खुर्चीतून उठताना आधी टेबल धरायचा आणि कुणी पाहिलं नाही ना ते बघायचा. ती पाहायची आणि पाहिलं नाही असं दाखवायची. त्याला हवी होती तळमजल्यावरची एक खोली, मोटारी वाइंडिंग करायची. पंखे, पंप, लिफ्टच्या मोटारी लोकांनी आणून द्याव्यात, आणि याने स्टुलावर बसून त्यांत नवी तांब्याची तार भरावी. हात सोन्यासारखा होता त्याचा. छत्तीस हप्त्यांचं कार्ड निघालं. खोलीची अनामत, वाइंडिंगचं यंत्र, पहिल्या महिन्याची तार, सगळं त्यात धरलं होतं.

अठ्ठावीस हप्ते झाले आणि खोली सापडली. दोन गल्ल्या सोडून, शटर असलेली, मोठ्या मोटारी चालतील अशी वीज आत आधीच आलेली. भाडं बेताचं. वर राहायच्या त्या घरमालकीण, शाळेतून निवृत्त झालेल्या, गणिताच्या. सगळे त्यांना मास्तरीणबाई म्हणत. काठीसारख्या ताठ, कपड्यांना कडक इस्त्री, आणि समोरच्याकडे बघायच्या ते वहीत चूक शोधल्यासारखं. एकट्याच होत्या. चपलांचा एक दुकानदार जास्त भाडं द्यायला तयार होता, पण त्यांनी मिस्त्रीला बोलावून स्पष्ट सांगितलं, मला भाड्यापेक्षा माणूस महत्त्वाचा. माझी अट एकच. ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे त्याला मी माझ्या घरात पाऊल ठेवू देणार नाही. मिस्त्रीने छाती फुगवून सांगितलं की आयुष्यात एकदाही कुणाचं देणं ठेवलेलं नाही. बाईंना ते आवडलं. कुठे काय ठेवणार, भिंतीला किती खिळे मारणार, ते कागदावर काढून आणा म्हणाल्या.

नेमका त्याच महिन्यात ओव्हरटाइमचा पगार लांबला आणि एकोणतिसावा हप्ता चुकला. हिने शेवटची सूचना काढली. तिची आजवरची सगळ्यात झकास सूचना होती ती. मिस्त्रीने वाचली, थरथर कापला, तीन दिवसांनी हप्ता भरला आणि दंड सुरू झाला. दुसरं पान मोरीजवळ खिळ्याला टांगलं गेलं. पहिलं पान टेबलाच्या खणात पडलं.

आता या घरात पाठकोरा कागद कधी फुकट जात नसे. वाणसामानाची यादी, लेकीची गणितं, सगळं पाठीमागच्या बाजूला. शुक्रवारी मिस्त्रीने खणातून एक कागद काढला, पट्टी घेतली, आणि जीव ओतून खोलीचा नकाशा काढला. इथे यंत्र, इथे कामाचं टेबल, इथे गिऱ्हाइकाला बसायला बाक. खिळे सात, तेही लाल पेन्सिलने. शनिवारी सकाळी तो स्वतः जाऊन बाईंच्या हातात देऊन आला. परत येताना शीळ वाजवत होता.

रविवारी बाईंनी त्याला जिन्यात गाठून एवढंच सांगितलं, की खोली तुम्हाला देता येणार नाही, कारण विचारू नका. मिस्त्रीने कारण विचारलं नाही, कारण ते त्याला दिसत होतं. नकाशा बाईंच्या हातात होता आणि त्याची छापील बाजू वर होती.

घरी येऊन त्याने हे सांगितलं तेव्हा आधी हसायलाच लागला. मग हसू मध्येच थांबलं आणि तो गुडघ्यावर हात ठेवून बसून राहिला. उभ्या जन्मात ज्याने कुणाची दमडी ठेवली नाही, त्याला कर्जबुडवा ठरवलं होतं, आणि ते तिच्याच दहा बोटांनी.

दुपारीच दोघं बाईंकडे गेली. तिने पहिल्यापासून सगळं सांगितलं. बँक, कार्ड, कवळी, सूचना. बाई मान हलवत "हो का" म्हणत होत्या, आणि ते "हो का" असं होतं की तिचे शब्दच गळून पडायला लागले. सांगताना प्रथमच तिच्या ध्यानात आलं की ही गोष्ट खरी वाटण्यासारखी मुळीच नाही. कोण बायको नवऱ्याला जप्तीची सूचना पाठवते? मिस्त्रीने पावत्या पुढे केल्या. बाईंनी दोन पाहिल्या आणि म्हणाल्या, यावर सही बायकोची आहे. मग हिने बँकेचं खरं पासबुक उघडून दाखवलं.

बाईंनी ते मिटून परत दिलं. "ही झाली जमेची बाजू. शिल्लक असणं वेगळं आणि देणं नसणं वेगळं. देणं नाही याचा कागद आहे का तुमच्याकडे?"

तो कुणाकडे असतो? न घेतलेल्या कर्जाची पावती जगात कुठलीच कंपनी देत नाही. दोघं जिना उतरली. मिस्त्री एकेक पायरी जपून उतरत होता आणि हिला त्याच्याकडे बघवत नव्हतं. चपलांचा दुकानदार गुरुवारी अनामत घेऊन येणार होता.

सोमवार तिने ऑफिसात कसा काढला ते तिलाच माहीत. एका सूचनेत तिने थकीत रकमेच्या जागी तारीख टाइप केली आणि तारखेच्या जागी रक्कम, जे एकोणीस वर्षांत कधी झालं नव्हतं. मंगळवारी अकराच्या सुमारास ती मशीनमध्ये कागद चढवत होती, तेवढ्यात शिपायाच्या मागोमाग वसुली खात्यात कडक इस्त्रीचे कपडे शिरले. मास्तरीणबाई. हातात तोच कागद.

बाई गणिताच्या. उत्तर पटलं नाही की ताळा करून बघायची सवय. सकाळी त्या आधी कागदावरच्या पत्त्यावर गेल्या होत्या. तिथे आता केस कापायचं दुकान होतं. न्हाव्याने त्यांना खुर्चीत बसवून पाणी दिलं आणि कंपनीची नवी जागा सांगितली. आता त्या साहेबांच्या टेबलासमोर बसल्या आणि कागद पुढे सरकवून म्हणाल्या, हा माणूस तुमचं किती देणं लागतो ते मला सांगा, मला त्याला खोली द्यायची आहे.

द्यायची आहे, असं म्हणाल्या त्या. हिच्या कानांनी ते टिपलं, पण आनंद व्हायला वेळ नव्हता. कंपनीचं नाव छापलेल्या कागदावर तिने घरचा खेळ मांडला होता, आणि तो कागद साहेबांच्या हातात होता. नोकरी जाते की काय, असं तिला वाटून गेलं. साहेब होते सुकलेल्या लाकडासारखे. त्यांना हसताना पाहिल्याचं कुणी शपथेवर सांगू शकलं नसतं. त्यांनी कागद दोनदा वाचला, खातेवही मागवली, खाते क्रमांकावर बोट फिरवलं. असा क्रमांकच वहीत नव्हता. कसा असणार, ती हिच्या लग्नाची तारीख होती.

"हे खातं आमचं नाही," साहेब बाईंना म्हणाले. "हा माणूस आमचं काहीच देणं लागत नाही." मग चष्म्यावरून त्यांनी पलीकडे पाहिलं. "पण मसुदा आमचाच आहे. टायपिस्टबाई, जरा इकडे या."

ती उठून गेली. सगळ्या खोलीतली मशीनं थांबली. दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून तिने खरं तेच सांगितलं, थोडक्यात आणि एका दमात. साहेब ऐकत होते.

"सतरा वर्षं?" त्यांनी विचारलं. "वसुली किती?"

"सगळी, साहेब. एकही खातं बुडालेलं नाही. काही मध्येच बंद झाली, त्यांचे पैसे खातेदाराला परत दिले."

साहेबांनी मागे वळून भिंतीला लागलेल्या कपाटांकडे पाहिलं. थकलेल्या खात्यांच्या फायलींनी ती छतापर्यंत भरली होती. "आणि व्याज?"

"व्याज नाही."

"मग बँकेला मिळतं काय?"

"भांडी घासून मिळतात, साहेब."

कोपऱ्यातून कुणीतरी फिस्स केलं, आणि मग सगळं वसुली खातं हसायला लागलं. पुढच्या दालनातला विक्रेता काय झालं ते बघायला दारात आला. साहेब हसले नाहीत. त्यांनी बजावलं की उरलेल्या कागदांवरचं कंपनीचं नाव उद्याच्या उद्या कात्रीने कापून टाका, पुन्हा असं दिसता कामा नये. ती मान हलवून वळली तेव्हा त्यांनी आवाज एकदम खाली आणला आणि म्हणाले, त्या कार्डाचा एक नमुना मला आणून द्या, आमचे चिरंजीव मोटारसायकलीसाठी हटून बसलेत.

एवढं होईपर्यंत मास्तरीणबाई कागदाची घडी घालून निघूनही गेल्या होत्या. पटलं म्हणून गेल्या की चिडून गेल्या, काही कळायला मार्ग नव्हता. त्यांच्या जागी आपण असतो तर, असा विचार ती दिवसभर करत राहिली आणि प्रत्येक वेळी उत्तर वेगळं येत होतं. संध्याकाळी तिने घरी सगळं सांगितलं. मिस्त्री म्हणाला, नाही दिली खोली तर दुसरी बघू. हे म्हणताना तो मोरीत पाठमोरा होता आणि भांडी जरा जास्तच जोरात घासत होता.

दार उघडंच होतं. बाई चौकटीत येऊन उभ्या राहिल्या तेव्हा दुसऱ्या कुणाच्या लक्षात आलं नाही, फक्त लेकीचं लक्ष गेलं. आत आल्या, बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत.

"यात पुढे दुसरं पान आहे," त्या म्हणाल्या. "मजकूर अर्धवट आहे. मला ते बघायचंय."

मिस्त्रीने साबणाच्या हातानेच खिळ्यावरचं पान काढून दिलं. बाईंनी चष्मा चढवला आणि वर्गात धडा वाचावा तसं खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली. खातेदाराने पंधरा दिवस संध्याकाळची भांडी घासावीत. घासताना गाणं म्हणू नये, शेजाऱ्यांच्या तक्रारी आहेत. कढईचा तळ तपासला जाईल. एवढं करूनही पुढचा हप्ता वेळेवर न आल्यास व्यवस्थापिका खातेदाराशी दोन दिवस फक्त "आपण" म्हणून बोलेल, आणि खातेदाराला ते सोसणार नाही हे व्यवस्थापिकेला पक्कं ठाऊक आहे.

शेवटच्या वाक्याला त्यांचा आवाज डगमगला. मग त्या हसायला लागल्या. ताठ बाई हसताना कंबरेत वाकल्या आणि त्यांना खुर्ची शोधावी लागली. लेक हसली, मिस्त्री हसला, हिचं हसू तर थांबता थांबेना. बऱ्याच वेळाने बाईंनी डोळे पुसले, आणि पुसता पुसता ते पाणी हसण्याचं राहिलं नाही हे हिला कळलं.

"आमचे हे गेले त्याला आठ वर्षं झाली," बाई म्हणाल्या. "गेल्यावर त्यांचं कपाट उघडलं, तर कपड्यांच्या खाली याच कंपनीचे असे एकतीस कागद होते. खरे. तीन वर्षं येत होते ते. मी त्याच घरात होते, त्याच टेबलावर जेवत होते. पैशांचं विचारलं तर त्यांना लागेल, असं मला वाटायचं. सांगितलं तर मला सोसणार नाही, असं त्यांना वाटत असणार. मागचं घर विकून मी ते सगळं फेडलं. पैशांचं दुःख नाही मला. तीन वर्षं तो माणूस एकटाच ते वाचत होता."

एकतीस कागद, आठ वर्षांपूर्वी संपलेले, त्याआधीची तीन वर्षं. हिने मनात हिशेब केला.

"बाई," ती म्हणाली, "ते मीच टाइप केले असणार."

"ठाऊक आहे. आज तुमच्या खात्यात आले तेव्हाच कळलं." बाईंनी तिचा हात हातात घेतला आणि त्या बोटांकडे पाहिलं. "तुम्ही पाठवलेत. आम्हीच ते दोघांनी मिळून वाचले नाहीत. तुमच्याकडे तेच वाक्य नवरा उभा राहून मोठ्याने वाचतो आणि लेक हसते. मला खाली अशीच माणसं हवीत. दुपारी मी त्या चपलावाल्याला नाही म्हणून कळवलं."

एवढं बोलून त्यांनी पर्समधून किल्ल्यांचा जुडगा काढला. शटरची किल्ली गंजलेल्या कडीत घट्ट बसली होती, त्यांच्याने निघेना. मिस्त्रीने हात पुसले, पक्कड आणली, कडी अलगद फाकवली आणि किल्ली सोडवून बायकोच्या तळहातावर ठेवली. ती एवढी रडत होती की तिला किल्ली धडपणे दिसतही नव्हती.

बाईंनी नाक पुसलं, पाठ ताठ केली आणि लेकीकडे वळून विचारलं, "तुमच्याकडे संध्याकाळी उशिरा आलेल्या माणसाला जेवायला वाढतात का?"